अद्भुत कथेंतील निर्जन प्रदेश

श्रावणांतल्या कहाण्या आपण सर्वांनीं ऐकल्या आहेत. आदित्य राणूबाईच्या कहाणींतला गरीब ब्राह्मण समिधा आणावयास रानांत जातो आणि तेथें त्याला नागकन्या, देवकन्या वसा वसतांना दिसतात. त्या आटपाट नगराच्या चव्हाट्यावर कां दिसल्या नाहींत? चव्हाट्यावर शंका घेणारा शेजारी असतो. रानांत तो नसतो. अद्भुत कथेला निर्जन प्रदेश लागतो, त्याचें हें पहिलें कारण.

दुसरें कारण बाणभट्टानें सातव्या शतकांत दाखविलें. त्याच्या 'कादंबरी'वरूनच आपण या वाङ्मयप्रकारास नांव दिलें. त्यांतील राजपुत्र चंद्रापीड दिग्विजयास निघालेला असतां एका किन्नरयुग्माचा पाठलाग करतो, सैन्यापासून एकटा पडतो आणि अच्छोद सरोवराच्या कांठीं येतो. तेथें हुजरे नाहींत, जयघोष नाहीं. म्हणूनच वीणेचे सूर त्याच्या कानीं येतात आणि तपस्विनी महाश्वेता भेटते. निर्जन प्रदेश नायकाचें राजेपण उतरवून ठेवतो.

तिसरें कारण इंग्रज ग्रंथकार टोल्किन याच्या, १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्यें सांपडतें. त्यांतले प्रवासी दिवसचे दिवस ओसाड मुलुखांतून चालतात. परंतु वाटेंतले भग्नावशेष येथें पूर्वीं राज्यें नांदत होतीं असें सांगतात. माणसें नसल्यामुळेंच गतकाळ दिसूं लागतो.

आतां एक इशारा. आमच्या असोद्याच्या उत्तरेस, तापीपलीकडे, सातपुडा आहे. शाळेंत असतांना मीं एकदां मुलांना 'सातपुड्याचें निर्जन अरण्य' असा निबंधाचा विषय दिला. तिकडचाच एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, आमचं घर तिथंच आहे. तें लिहूं कीं नको?" मला उत्तर सुचलें नाहीं. पावरा आणि तडवी लोक ज्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, त्यांना मीं निर्जन म्हटलें, तें केवळ माझ्या ओळखीचें तेथें कोणी नव्हतें म्हणून!

बाणाच्या विंध्याटवींतही शबर राहतातच. मात्र तें वर्णन एका पोपटाच्या तोंडीं आहे, आणि त्याचा बाप एका वृद्ध शबरानें मारलेला. तेव्हां शबर आपणांस क्रूर शिकारी म्हणूनच दिसतात. त्यांची बाजू सांगावयास तेथें कोणी नाहीं.

म्हणून मुलांच्या हातीं अद्भुत कथा अवश्य द्याव्या. कल्पनेला मोकळें रान हवेंच. पुस्तक मिटल्यावर मात्र त्यांना एवढें विचारावें, कीं हें रान रितें होतें, तें कोणाच्या दृष्टीनें?