पायडल सुटल्यावर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीने गेल्या महिन्यात सायकलस्टँड काढून तिथे दोन मोटारींची सोय करायचा ठराव केला. विरोधात हात वर झाले ते म्हाताऱ्यांचेच. बैठकीनंतर चाळिशीच्या आतले तिघे बिनसाखरेचा चहा घेत एकमेकांना आपापल्या एचबीएवनसीचे, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे, आकडे सांगत होते. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

सत्तरच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अख्खं पुणं सायकलवर होतं. २००० नंतरची वर्षं उड्डाणपूल, मॉल आणि हिंजवडीच्या कॅबमध्ये गेली. सायकल सुटताना मी पाहिली ती मधल्या १९८५ ते ९५ या काळात.

सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सायकलींची रांग लागायची. नारायण पेठेतून निघालेले वडील त्यात असत. कॅरिअरला डबा, पँटला क्लिप. येताना मंडईला वळसा, रविवारी पर्वती. नव्वदच्या सुमारास दारात लूना मोपेड आली. 'अजून सायकलच का?' असं नातेवाइकांनी टोचून टोचून विचारलं होतं. लग्न जमवतानाही सायकलवाला मुलगा मागे पडायला लागला होता. त्या टोचण्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. ताटातली भाकरी तीच, आमटी तीच. पण दोन-तीन वर्षांत वडिलांची उपाशीपोटीची साखर चढली, रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड्स, वाढली. सगळे म्हणाले, वय झालं.

एका माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. पण वयावर सगळं ढकलणाऱ्यांनी डॅलसचा प्रयोग वाचावा. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांची घट त्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी भरली! सहा महिन्यांच्या व्यायामानंतर वयाने नेलेली क्षमताही त्यांना परत मिळाली.

कोपनहेगनमध्ये तर कुणाला झोपवलंही नाही. दहा निरोगी तरुणांची रोजची चाल दहा हजार पावलांवरून दीड हजाराच्या आत आणली. दोनच आठवड्यांत त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद १७ टक्क्यांनी मंदावला. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि त्यानंतर इन्शुलिनला त्याचा वाढलेला प्रतिसाद फार तर दोन-तीन दिवस टिकतो. त्यामुळे कॉलेजात कबड्डी खेळल्याची पुण्याई पस्तिशीत कामाला येत नाही.

हालचाल सोडणं आपल्याकडे आणखी महागात का पडतं, याचा सुगावा पुण्यातल्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दिला. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभा असलेला स्वतःचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. अंगाने बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसाने हालचाल सोडली की बिघाड आत सुरू होतो; वजनकाटा ते सांगत नाही.

जिमला माझा विरोध नाही. वजनं उचलल्याने स्नायू वाढतो, साखर आटोक्यात ठेवायला तो हवाच असतो. पण जिम ठरवून जायची जागा आहे. कामाचा ताण वाढला की पहिली तीच सुटते. कारखान्याची सायकल कंटाळा आला म्हणून सुटत नव्हती, कारण पाळी गाठायची होती. निर्धार लागत नव्हता, म्हणून ती सवय वर्षानुवर्षं टिकली. ती आपण शहराच्या रचनेतूनच उपटून टाकली. २००० साली भारतात पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ २२ टक्के होते. २०२२ मध्ये जवळपास निम्मे, आणि बायकांमध्ये ५७ टक्के. इतकी माणसं एकाएकी आळशी होत नाहीत. त्यांच्या पायांखालचा रस्ता गेला. सायकलमार्ग आखले गेले, त्यांवर मोटारी उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या, आणि ज्यांनी हटवायचं त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

माझी भाची कॉलेजला सायकलने जायला तयार आहे. कर्वे रस्त्यावर तिला सोडायला तिची आई तयार नाही, आणि त्या आईला समजवायला माझ्याकडे एकही मुद्दा नाही.