जयंतीच्या महिन्यात घरच्या बाईची तब्येत

14 एप्रिलला रस्ते निळे असतात. 15 आणि 16 एप्रिलला मात्र दवाखान्याच्या ओपीडीत आपल्याच वस्त्यांमधल्या बायांची रांग लागलेली असते. आमच्यापैकी ज्यांनी अनेक वर्षे नर्सिंगची नोकरी केली, त्यांनी ही रांग दरवर्षी पाहिली आहे. डोके फुटतेय, पाय सुजलेत, लघवीला जळजळतेय, बीपी वाढलाय, रात्रभर डोळा लागत नाही. 'काय झालं ताई?' म्हटले की उत्तर ठरलेले: 'काही नाही सिस्टर, जयंतीची दगदग.'

जयंती आपला सर्वांत मोठा आनंदाचा दिवस आहे. त्या दिवशी दगदग होणारच, असे आपण धरून चालतो. पण ही दगदग घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, आणि आजारी पडणारी माणसेही सारखी नसतात. म्हणून हा लेख एप्रिलच्या आधीच वाचावा, आणि तो घरातल्या पुरुषांनीही वाचावा.

एप्रिल कसा येतो ते आठवून पाहा. मार्चअखेर म्हणून ऑफिसात, बँकेत, कारखान्यात जादा काम झालेले असते. मुलांच्या परीक्षा चालू असतात. नळाला पाणी कमी, काही गावांत टँकर. त्यात घराला रंग, नवे कपडे, माहेरवाशिणी आणि पाहुणे, 11 तारखेला जोतिबांची जयंती, विहारातले कार्यक्रम, 13 च्या रात्री बारा वाजता पुतळ्यापाशी जायचे, पहाटे उठून पांढरी साडी नेसून वंदनेला, दुपारी पन्नास माणसांची पुरी-खीर, संध्याकाळी मिरवणूक. 14 एप्रिलला सुट्टी असते ती कार्यालयांना. सफाई कामगार, नर्स, आया, सिक्युरिटीतल्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांतल्या कितीतरी जणी त्या दिवशीही कामावर जातात आणि परत येऊन चूल पेटवतात.

ताण म्हणजे नुसते मनाचे दुखणे नव्हे. काम अंगावर येते तेव्हा शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायने सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते. हे तासाभरासाठी असेल तर उपयोगाचेच आहे, त्याच्या बळावर आपण धावपळ निभावतो. पण पंधरा-वीस दिवस हेच चालले आणि मध्ये झोप मिळाली नाही, तर शरीराला खाली उतरायला वेळच मिळत नाही. मग बारीकसारीक गोष्टीवरून पोरांवर हात उठतो, रडू येते, आणि ज्यांना बीपी किंवा शुगर आहे त्यांची तब्येत बिघडते.

झोपेबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करत, हे आपण मुलांना सांगतो, जयंतीनिमित्त अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही घेतो. चांगले आहे. पण त्याच आदर्शाच्या नावाने बाईने अठरा तास ओट्यापाशी उभे राहावे, असा अर्थ कोणी काढू नये. स्वतः बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने फार छळले. आणि 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी व नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनीच मांडले होते. बाईची विश्रांती हा चैनीचा नव्हे, हक्काचा विषय आहे, हे आपण त्यांच्याकडूनच शिकलो. तेरा तारखेची रात्र जागायची असेल तर बारा तारखेला लवकर झोपा, आणि चौदाला दुपारी तासभर तरी पाठ टेका. तेवढा वेळ दार लावून कोणीतरी बाहेर बसावे. पाहुणे आले म्हणून उठवू नये.

गोळ्यांचे तर आम्ही दरवर्षी सांगतो. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी गडबडीत राहून जाते. राहिलीच तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. याच्या उलट चूकही होते. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि 'सगळ्यांची पंगत उठू दे, मग जेवते' म्हणून दुपारचे तीन वाजवले. अशा वेळी साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यापुढे अंधारी येते. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि बरे वाटताच जेवायला बसवावे. बाई बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ 108 ला फोन करावा. शुगर असलेल्या बाईने पहिल्या पंगतीला बसायचे, हा नियमच करून टाका. कोणी नावे ठेवली तर ठेवू द्या.

अंग दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली दुखीची गोळी उपाशीपोटी, घामाघूम अवस्थेत, दिवसातून तीनदा घेणाऱ्या बायाही आम्ही पाहतो. या गोळ्यांपैकी बऱ्याच पोटाला बाधतात, बीपी वाढवतात, आणि शरीरात पाणी कमी असेल तर मूत्रपिंडाला इजा करतात.

पाण्याचा विषय आला की बाया हसतात, कारण खरे कारण सगळ्यांनाच ठाऊक असते. मिरवणुकीच्या वाटेवर बायांना जायला जागा नसते, म्हणून दुपारपासूनच पाणी पिणे बंद होते. एप्रिलच्या उन्हात पाच-सहा तास पाण्याविना, लघवी दाबून चालायचे. मग दोन दिवसांनी जळजळ, थंडी वाजून ताप, कंबरेत कळ. ताप आणि कंबरेत कळ असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, लघवीची तपासणी करून औषध पूर्ण दिवस घ्यावे. खरा इलाज मात्र जयंती मंडळाच्या हातात आहे. डीजे ठरवायच्या आधी वाटेवरची शाळा, विहार, ओळखीची घरे यांतली शौचालये बायांसाठी उघडी राहतील एवढे ठरवा. नगरपालिकेकडे फिरते शौचालय मागा. वर्गणी देणाऱ्या निम्म्या तर बायाच असतात.

घाम फार जात असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून ते घोटघोट प्यावे. बीपी, शुगर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ऊन लागून कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. हृदयविकाराचा झटका बायांना नेहमी छातीत जोरात कळ येऊनच येतो असे नाही. धाप लागणे, जबडा, मान किंवा पाठ दुखणे, मळमळ, गार घाम, कारण नसताना गळून जाणे, अशीही लक्षणे असतात. आमच्या ओळखीच्या एका वहिनींना पुऱ्या तळताना असेच झाले. सगळे म्हणाले पित्त आहे, सोडा-लिंबू दिला, त्याही म्हणाल्या मिरवणूक होऊ दे. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले तेव्हा ईसीजीत झटका येऊन गेल्याचे दिसले. त्या वाचल्या, पण आता जिना चढताना दोनदा थांबतात. चाळिशीच्या पुढची बाई असे काही सांगू लागली तर ते पित्त आहे हे डॉक्टरला ठरवू द्या.

पैशाचा ताण कोणी बोलून दाखवत नाही. नव्या साड्या, रंग, वर्गणी यांसाठी बचत गटातून किंवा खाजगी फायनान्सकडून उचल घेतली जाते. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तके आणि हप्ता एकदमच येतात, आणि झोप तेव्हा उडते. जानेवारीपासून गटात महिन्याला थोडे वेगळे ठेवलेत तर एप्रिल जड जात नाही. ज्या वर्षी नाही जमले त्या वर्षी जुनी पांढरी साडी निळीत बुडवून नेसा. वंदनेला तेवढे पुरते.

सकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे विहारातच डोळे मिटून बसा, श्वासाकडे लक्ष द्या, सोडताना थोडा लांब सोडा. आनापान आपल्या घरचेच आहे. धडधड खाली यायला मदत होते. यातून पन्नास माणसांचा स्वयंपाक होत नाही, हेही खरे.

त्यासाठी कामच वाटावे लागते. 1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितले होते की लग्नानंतर नवऱ्याशी बरोबरीने, मैत्रीण म्हणून वागा, गुलाम होऊ नका. आमच्या वस्तीत दोन वर्षांपासून जयंतीच्या आठ दिवस आधी विहाराच्या फळ्यावर कामांची यादी लागते. पाणी भरणे, भाजी चिरणे, पुऱ्या लाटणे, म्हाताऱ्यांना गोळ्या देणे, प्रत्येकापुढे नाव. पहिल्या वर्षी पुरुषांची नावे फक्त मंडपापुढे होती. भांडणे झाली, एक-दोघींना घरी बोलणी खावी लागली. मग घरोघरची पुरी बंद करून विहारात एकच सामुदायिक जेवण ठेवले. सासवांना ते आधी पटले नाही.

जयंती उलटून दोन आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर ते दगदग म्हणून सोडून देऊ नका. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभागात दाखवता येते.

15 तारखेला मंडपाचे सामान परत करायला पोरे जातातच. त्यांच्यातलेच चारजण भांडी घासायला ठेवा, आणि त्यांची नावे आत्ताच फळ्यावर लिहा.