मत वाचकांचे, कसोटी मोजणीची

साहित्याचे पुरस्कार बहुधा परीक्षक ठरवतात. विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ‘ह्यूगो’ पुरस्कार मात्र वाचक ठरवतात. ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक सुरू करणारे ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावाचा हा पुरस्कार १९५३ मध्ये फिलाडेल्फियात प्रथम दिला गेला. जागतिक विज्ञानकथा संमेलनाची वर्गणी भरणाऱ्या कोणालाही मत देता येते.

मतदान दोन टप्प्यांत होते. आधी सभासद प्रत्येक विभागात आपल्या आवडीच्या पाच कृती सुचवतात आणि त्यातून अंतिम यादी बनते. मग यादीतल्या कृतींना पसंतीक्रम द्यायचा. कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर सर्वांत मागची कृती वगळून तिची मते मतदारांच्या पुढच्या पसंतीला देतात. आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही हीच पद्धत आहे. शिवाय मतपत्रिकेवर ‘पुरस्कार नको’ असाही पर्याय असतो.

खरी गोम पहिल्या टप्प्यात आहे. समजा, हजार वाचकांची मते शेकडो पुस्तकांत विखुरली आणि कोणत्याही पुस्तकाला शंभर मते मिळाली नाहीत. अशा वेळी दीडशे जणांनी ठरवून तीच पाच नावे लिहिली, तर पाचही जागा त्यांच्या!

२०१५ मध्ये असेच घडले. संघटित गटांच्या याद्यांनी काही विभाग पूर्ण व्यापले. चिडलेल्या वाचकांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नको’ला विजयी केले. मार्को क्लोस यांची कादंबरी अशाच यादीतून अंतिम फेरीत आली होती. त्यांनी ती मागे घेतली आणि रिकाम्या जागी लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली. तीच जिंकली. अनुवादित कादंबरीला हा मान प्रथमच मिळाला. क्लोस अडून बसले असते, तर वाचकांना तिला मत देताच आले नसते.

यावरचा उपाय २०१७ पासून लागू झाला. आता प्रत्येक विभागात मतदाराकडे एकच गुण असतो आणि तो त्याने सुचवलेल्या कृतींत समान वाटला जातो. सर्वांत कमी गुणांच्या दोन कृतींपैकी जिला कमी जणांनी सुचवले, ती बाद होते. तिचा वाटा त्याच मतदाराच्या उरलेल्या कृतींना मिळतो. त्यामुळे गटाची पाच नावे आपसातच लढतात आणि त्यातली एखाददुसरीच टिकते.

पण गणित प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे. २०२३ मध्ये चेंगडूच्या संमेलनात आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ कारण न देताच अपात्र ठरवली गेली. हा दोष सूत्राचा नव्हता, मोजणाऱ्यांचा होता. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या आयोजकांना बनावट मते आढळली. त्यांनी ३७७ मते रद्द केली आणि निकालाची वाट न पाहता ते जाहीरही केले.

वर्गणी भरून, पुस्तके वाचून मत देणाऱ्याची अपेक्षा साधी असते. आपली आवडती कादंबरी हरली तरी चालेल, पण ती कशी हरली हे कळले पाहिजे.