माघातला उन्हाळा आणि संकल्पातली गोदावरी

महाशिवरात्रीच्या पूजेस बसलेला यजमान हातात उदक घेऊन प्रथम देशकालाचा उच्चार करतो. आपण कोठे आहोत, कोणत्या मासात, कोणत्या ऋतूत, कोणत्या तिथीस हे कर्म आरंभितो, हे देवासमोर सांगून मगच पूजेस प्रारंभ होतो. नांदेडकर गोदावरीच्या उत्तर तीराचा, तर लातूरकर दक्षिण तीराचा निर्देश करतो. मास माघ, ऋतू शिशिर. हे शब्द आपल्या जिभेवर असे रुळले आहेत की त्यांच्या अर्थाकडे क्वचितच लक्ष जाते. आमचे लक्ष तिकडे वेधले गेले ते मॉरिशसमध्ये, एका स्नेह्यांच्या गावी, ऐन उन्हाळ्यात.

२०१९ सालच्या ४ मार्चचा तो दिवस, सोमवारची महाशिवरात्र. एरवी या तिथीस आम्ही लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत असावयाचे. स्नेह्यांचे गाव कास्कावेल, बेटाच्या पश्चिम भागातले. सभोवार उसाचे मळे पाहून क्षणभर लातूरच्या शिवारात आल्यासारखे वाटले. परंतु आपल्याकडे माघात उसाची तोड चाललेली असते, तर तेथे ऊस वाढीस लागलेला. तेथील तोड जून ते डिसेंबर. नांदेड विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणून ऋतूंची अशी उलटापालट. माध्यान्ही अंगणात उभे राहिलो तर आमची सावली दक्षिणेकडे पडलेली!

हे बेट लातूर जिल्ह्याच्या जेमतेम पावपट. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर येथे उतरले. बहुतेक बिहार व पूर्वेकडचे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. ज्या घाटावर ते उतरले तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जतन केला जातो. मळ्यात राबणाऱ्या या माणसांनी गणपती सोडला नाही. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

प्रातःकाळी आम्ही गंगातलावाचे दर्शन घेतले. डोंगरावरील हे सरोवर ज्वालामुखीच्या मुखात साठलेले. पूर्वी त्यास परी तलाव म्हणत. १९७२ साली भारतातून नेलेले गंगाजल त्यात मिसळले गेले. काठाजवळ १०८ फूट उंचीची शिवमूर्ती उभी आहे. कावडी खांद्यावर घेऊन दूरदूरच्या गावांहून पायी आलेले यात्रेकरू पाहून आमचे हात आपोआप जोडले गेले.

सायंकाळी स्नेह्यांच्या घरी पूजेची सिद्धता झाली. त्यांच्या वडिलांनी लिहून ठेवलेल्या वहीतून ते संकल्प वाचू लागले. देश गोदावरीचे दक्षिण तीर, ऋतू शिशिर. तोच त्यांचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, बाहेर एवढे उकडते आहे, मग हा थंडीचा ऋतू कसा? आणि ही नदी आपल्या गावात कोठे आहे?" स्नेह्यांनी आमच्याकडे पाहिले. परंतु आम्ही बोलण्यापूर्वीच त्यांच्या वृद्ध मातोश्री उद्गारल्या, "महाराज, वहीतले बदलू नका. घरात मराठी बोलणारी मीच उरले आहे. त्या नदीचे नाव गेले तर आमचे काय राहील?"

प्रश्न मुलाचाही खरा होता आणि मातोश्रींचाही. आम्ही निवेदन केले ते असे. तिथी ही सूर्य आणि चंद्र यांच्या अंतरावरून ठरते. ती आकाशाची, म्हणून चतुर्दशी नांदेडची तीच कास्कावेलची. उत्तरायण हेही सूर्याच्या गतीचे नाव. ते सर्व पृथ्वीस समान. उत्तर व दक्षिण गोलार्धांत दिनमान परस्परविरुद्ध असते, हे तर सूर्यसिद्धान्ताच्या भूगोलाध्यायातच आले आहे. शिशिर हा वर्षाचा सहावा भाग या अर्थाने माघाचा सोबती. त्याचे नाव राहू द्यावे, मात्र मुलास त्याचा अर्थ सांगावा. देशाची गोष्ट निराळी. संकल्प म्हणजे देवासमोर केलेले सत्यकथन. ज्या भूमीने चार पिढ्या पोसल्या, तिचेच नाव तेथे आले पाहिजे.

मातोश्रींचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही कलशाकडे बोट केले. कलशपूजनात आपण गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी या सातही नद्यांस त्या जलात येण्याची प्रार्थना करतो. ज्याच्या दारी गोदावरी नाही, त्याच्यासाठीच तर हे आवाहन! "आजी, संकल्पात आपण गोदावरीच्या घरी राहतो असे सांगत होता, आता ती आपल्या घरी येणार आहे." मातोश्री काही वेळ स्तब्ध राहिल्या. मग नातवास जवळ ओढून त्यांनी कलशावर त्याचा हात ठेवविला आणि सातही नावे त्याच्याकडून एकेक करून म्हणवून घेतली. गोदावरीचे नाव त्यांनी दोनदा म्हणविले.

त्यानंतर स्नेह्यांनी संकल्प केला. त्यात मॉरिशसचे नाव होते.

भाविकहो, आपल्या अंगणापासून गोदावरी वा मांजरा दूर नाही. म्हणूनच कदाचित तिचे नाव आपण घाईने उच्चारून मोकळे होतो. यंदा हातात उदक घ्याल तेव्हा क्षणभर थांबावे, आणि शेजारी बसलेल्या लेकरास त्या शब्दांचा अर्थ सांगावा. अर्थ कळलेले नाव सहसा विसरले जात नाही.

॥ शिवार्पणमस्तु ॥