अरेषीय निर्देशक रूपांतरण (भौगोलिक माहिती प्रणाली)

अरेषीय निर्देशक रूपांतरण म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीत साठवलेल्या बिंदू, रेषा व बहुभुज यांचे निर्देशक अशा सूत्राने बदलणे, की ज्यामुळे मूळची सरळ रेषा सर्वसाधारणपणे सरळ राहत नाही. अक्षांश-रेखांशांचे नकाशा प्रक्षेपणात रूपांतर करणे आणि जुन्या कागदी नकाशाची आधुनिक निर्देशकांशी जुळणी करणे, ही या क्रियेची प्रमुख उदाहरणे होत. संगणक प्रणाली रूपांतरणाचे सूत्र केवळ साठवलेल्या शिरोबिंदूंना लावते आणि लगतचे शिरोबिंदू पुन्हा सरळ रेषेने जोडते. त्यामुळे प्रत्येक शिरोबिंदू अचूक असूनही त्यांच्यामधील हद्द चुकीच्या जागी पडू शकते.

रेषीय व अरेषीय रूपांतरणांतील फरक

आकृती सरकवणे, फिरवणे, लहान-मोठी करणे किंवा तिरकी करणे या क्रिया सहा स्थिरांकांच्या एकघाती सूत्रांनी करता येतात. त्यांना व्यवहारात रेषीय रूपांतरण म्हणतात. त्यांत सरळ रेषा सरळ व समांतर रेषा समांतर राहतात आणि सर्व क्षेत्रफळे एकाच प्रमाणात बदलतात. म्हणून केवळ शिरोबिंदू बदलणे पुरेसे ठरते.

अरेषीय रूपांतरणात निर्देशकांचे वर्ग, घन किंवा त्रिकोणमितीय फले येतात. परिणामी प्रमाण व दिशा जागेनुसार बदलतात. कोल्हापूर शहर (सुमारे १६.७०° उत्तर, ७४.२४° पूर्व) युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर (यूटीएम) पद्धतीच्या ४३व्या पट्ट्यात येते. या पट्ट्याचे मध्य रेखावृत्त ७५° पूर्व आहे. मध्य रेखावृत्तावर १ किलोमीटरचे अंतर नकाशावर ४० सेंटिमीटरने कमी भरते. कोल्हापुरात ही घट सुमारे ३२ सेंटिमीटर असते.

शिरोबिंदूंमधील विचलन

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पत्रक क्रमांकनात कोल्हापूर शहर ४७ एल या अंशपत्रकात मोडते. हे पत्रक १६° ते १७° उत्तर अक्षवृत्ते आणि ७४° ते ७५° पूर्व रेखावृत्ते यांनी वेढलेले आहे. त्याची चौकट केवळ चार कोपऱ्यांच्या बहुभुजाने दाखवून यूटीएममध्ये रूपांतरित केली, तर चारही कोपरे योग्य जागी पडतात. परंतु १७° अक्षवृत्त या प्रक्षेपणात किंचित वक्र असते, तर प्रणाली दोन कोपरे सरळ जोडते. सुमारे १०६ किलोमीटर लांबीच्या या बाजूच्या मध्यावर सरळ रेषा खऱ्या अक्षवृत्ताच्या सुमारे ६८ मीटर उत्तरेस जाते. त्यामुळे उत्तरेकडील सुमारे ४.८ चौरस किलोमीटरची चिंचोळी पट्टी चौकटीत अकारण समाविष्ट होते.

दक्षिण बाजूस १६° अक्षवृत्ताजवळ जवळपास तेवढीच पट्टी वगळली जाते. म्हणून एकूण क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर येते आणि केवळ क्षेत्रफळ ताडून पाहिल्यास ही चूक लक्षात येत नाही.

यावरील उपाय म्हणजे रूपांतरणापूर्वी लांब बाजूंवर मधले शिरोबिंदू घालणे. बाजूचे समान भाग केल्यास विचलन भागांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. वरील बाजूचे १० भाग केल्यास ६८ मीटरचे विचलन सुमारे ६८ सेंटिमीटरवर येते. १०० भाग केल्यास ते सुमारे ७ मिलिमीटर राहते. रूपांतरणानंतर बिंदू वाढवून उपयोग होत नाही, कारण ते आधीच चुकीच्या ठरलेल्या सरळ रेषेवर पडतात.

गावनकाशांची जुळणी

मुंबई इलाख्याच्या मोजणी पद्धतीत ३३ फुटांची साखळी वापरली जाई आणि तिचे १६ आणे मानले जात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. या पद्धतीने तयार झालेल्या अनेक गावनकाशांचे प्रमाण मैलास ८ इंच, म्हणजे १:७९२० आहे. या प्रमाणात कागदावरील १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील सुमारे ८ मीटर. गुंठ्याची बाजू सुमारे १० मीटर असल्याने कागदाचे थोडे आकुंचन किंवा घडीदेखील महत्त्वाची ठरते.

अशा नकाशांवर अक्षांश-रेखांश नसल्यास हद्दीचे दगड, विहिरी, देवळे, रस्त्यांचे तिठे यांसारख्या ओळखता येणाऱ्या नियंत्रण बिंदूंच्या साहाय्याने जुळणी करतात. एकघाती बहुपदीसाठी किमान ३, द्विघातीसाठी ६ आणि त्रिघातीसाठी १० नियंत्रण बिंदू लागतात. घात वाढवल्यास नियंत्रण बिंदूंवरील त्रुटी सहसा कमी दिसते. परंतु त्यांच्या बाहेरील भागात, विशेषतः नकाशाच्या कडांना, आकृती ताणली जाते.

‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही पद्धत प्रत्येक नियंत्रण बिंदूतून तंतोतंत जाते. त्यामुळे प्रणाली जवळपास शून्य त्रुटी दाखवते. मात्र ती अचूकतेची खूण नव्हे. चुकीच्या जागी नोंदवलेला बिंदूही ही पद्धत बिनतक्रार स्वीकारते आणि भोवतालचे गट वाकवते. म्हणून काही ज्ञात बिंदू जुळणीत न वापरता पडताळणीसाठी राखून ठेवणे आवश्यक असते.

सामाईक हद्दी

दोन गटांची हद्द एकच असूनही एका गटाच्या आकृतीत तिच्यावर मधला शिरोबिंदू असतो आणि दुसऱ्या गटाच्या आकृतीत नसतो, असे अनेकदा घडते. मूळ नकाशात सरळ रेषेमुळे हा फरक दिसत नाही. अरेषीय रूपांतरणानंतर मात्र त्या दोन गटांमध्ये फट पडते किंवा एक गट दुसऱ्यावर चढतो. हे टाळण्यासाठी रूपांतरणापूर्वी दोन्ही आकृत्यांत तेच शिरोबिंदू असल्याची खात्री करतात. रूपांतरणानंतर बहुभुज स्वतःलाच छेदत नाहीत ना, हेही तपासतात.

पूररेषांच्या संदर्भातील महत्त्व

महाराष्ट्रात नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी संबंधित असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध असतात. पंचगंगेच्या काठी पूररेषा आधुनिक निर्देशकांत आणि गटांच्या हद्दी जुन्या नकाशावरून घेतलेल्या असतील, तर जुळणीतील काही मीटरच्या फरकाने एखादे घर रेषेच्या आत किंवा बाहेर दिसू शकते. म्हणून जुळवलेल्या नकाशासोबत वापरलेली पद्धत, नियंत्रण बिंदूंची संख्या आणि पडताळणीतील त्रुटी नोंदवणे गरजेचे ठरते. असा नकाशा भूमि अभिलेख विभागाच्या प्रत्यक्ष मोजणीची जागा घेऊ शकत नाही.

संगणक प्रणालींतील सोयी

प्रक्षेपण बदलण्यासाठी ‘प्रोज’ हे मुक्त सॉफ्टवेअर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ‘पोस्टजीआयएस’मध्ये निर्देशक प्रणाली बदलणे, सहा स्थिरांकांचे रूपांतरण आणि लांब बाजूंचे तुकडे करणे यांसाठी स्वतंत्र फलने आहेत. ‘क्यूजीआयएस’मध्ये नियंत्रण बिंदूंवरून बहुपदी व थिन प्लेट स्प्लाइन जुळणी करता येते. पायथॉन भाषेतील ‘शेपली’ या संग्रहाद्वारे वापरकर्त्याने लिहिलेले कोणतेही सूत्र आकृतीच्या सर्व शिरोबिंदूंना लावता येते. मधले शिरोबिंदू घालण्याची जबाबदारी तेथे वापरकर्त्याचीच असते.

हे सुद्धा पहा

भौगोलिक माहिती प्रणाली
नकाशा प्रक्षेपण
भारतीय सर्वेक्षण विभाग
पंचगंगा नदी