सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

लेण्याद्रीचा डोंगर आम्हा जुन्नरकरांच्या रोजच्या नजरेतला. शहरापासून जेमतेम पाच किलोमीटर. वर बौद्ध लेणी, त्यांतल्याच सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचे मंदिर, आणि तिथवर तीनशेच्या आसपास पायऱ्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि या पायऱ्या ओस पडल्या. गावातल्या मशिदींचे दरवाजेही त्याच दिवसांत बंद झाले. पुढे लेण्याद्री आणि ओझर या दोन्ही ठिकाणी कोरोनाबाधितांसाठी केंद्रे सुरू झाली. एरवी यात्रेकरू उतरतात तिथे तालुक्यातले सगळ्या जातीधर्मांचे रुग्ण राहू लागले.

माझ्या ओळखीचे एक दुकानदार एप्रिल २०२१ मध्ये लेण्याद्रीला दाखल होते. त्या वर्षी १४ एप्रिलला पहिला रोजा होता आणि त्याच रात्री आठपासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले होते. चार-पाच दिवसांनी घरून फोन आला, अम्मी गेल्या. घर पाच किलोमीटरवर. पण ना जनाज्याला खांदा देता आला, ना कबरीत मूठभर माती टाकता आली. खाटेवर बसून त्यांनी दुआ मागितली. फोन करणारा प्रत्येक जण एकच सांगत होता, "सब्र करो, भाई." त्यांनी सब्र केला. म्हणजे त्यांना तो जसा समजला होता तसा. त्यानंतर त्यांनी अम्मींचे नावच काढले नाही.

वर्षभराने छातीत धडधड सुरू झाली. रात्री दोन-अडीचला जाग यायची, ती फजरपर्यंत. हृदयाच्या साऱ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "घरात काही झालं होतं का?" आणि हा पन्नाशीचा माणूस लहान मुलासारखा रडला. उपचाराची सुरुवात तिथून झाली.

अडकलेले दुःख

आपल्याकडे मय्यत झाली की घर भरून जाते. गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज, दफन, मग ताजियतीला येणारी माणसे. शेजारच्या घरातून जेवण येते. हजरत जाफर (र.) शहीद झाले तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला प्रेषितांनी (स.) सांगितले होते, ती ही रीत. घरातली बाई येणाऱ्या प्रत्येकीला तीच हकीकत सांगते आणि सांगता सांगता तिचे दुःख थोडे थोडे हलके होते.

महासाथीने नेमके हेच काढून घेतले. टाळेबंदीच्या नियमांनुसार अंत्यविधीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत. घरी कोणी येणार नाही, आपण कोणाकडे जायचे नाही. माणूस गेला, पण त्याच्याविषयी बोलणे झालेच नाही. ते दुःख मग झोपेतून, पोटातून, चिडचिडीतून वाट काढते.

हजरत याकूब (अ.स.) यांचा सब्र

पवित्र कुरआनातील सूरह यूसुफ आपण सारे वाचतो. मुलगा हरवल्यावर हजरत याकूब (अ.स.) यांनी ज्याला सुंदर सब्र म्हटले, तो कसा होता? ते रडले. इतके रडले की डोळे पांढरे झाले. मुलांनी टोकले तेव्हा त्यांनी आपले दुःख लपवले नाही. आपली तक्रार अल्लाहपुढे आहे, हे उघड सांगितले. आणि लगेच मुलांना यूसुफचा शोध घ्यायला पाठवले, अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका असे बजावून. म्हणजे या सब्रात अश्रू आहेत, दुआ आहे आणि प्रयत्नही आहे. नाही ते फक्त तोंड दाबून बसणे.

प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम वारले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांत पाणी आले. सोबतच्या सहाबींना नवल वाटले, तेव्हा ही दया आहे, असा खुलासा त्यांनी केला. मग आपल्या मुलाला "मर्द होऊन रडतोस काय" असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

लाज आणि भीती

आपल्या समाजाला त्या काळात आणखी एक ओझे वाहावे लागले. दिल्लीतील तबलीगी मरकजच्या प्रकरणानंतर आजाराला धर्म चिकटवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी तबलीगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे मत नोंदवले. पण तोवर लोकांच्या नजरा बदलल्या होत्या. साधा खोकला आला तरी तो लपवावा, असे वाटायला लागले होते. ज्या माणसाला शरीराचा आजार लपवावा लागतो, तो मनाचा आजार कोणाला सांगणार?

मनाचीही औषधपेटी

मनाच्या आजारावर उपचार घेणे म्हणजे इमान कमजोर असणे, हा गैरसमज आपल्या इतिहासालाच धरून नाही. अबू जैद अल-बल्खी (इ.स. ८५० ते ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. शहाणा माणूस घरात अडीअडचणीसाठी औषधे ठेवतो, तसेच त्याने निरोगी असतानाच मनाला आधार देणारे विचार जमवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या हकीमाने चिंता आणि खिन्नता हे उपचार करण्याजोगे विकार मानले.

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात मधे मोठे दालन आहे आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. प्रत्येकाची खोली वेगळी, पण दार सर्वांच्या दालनात उघडते. आपला एतिकाफही मशिदीतच असतो. एकांत वेगळा आणि एकटेपणा वेगळा. विलगीकरणात शरीर वेगळे ठेवावेच लागते. मनाचे दार मात्र माणसांकडे उघडे राहिले पाहिजे.

घरात काय करावे?

पुन्हा अशी वेळ आली, किंवा घरात कोणी दीर्घकाळ आजारी असले, तर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पाच नमाजांच्या वेळांवर दिवस बांधावा. झोपणे, उठणे, जेवणे त्यात बसते. बातम्या दिवसातून एक-दोनदाच पाहाव्यात. आलेला प्रत्येक संदेश पुढे पाठवू नये. विलगीकरणातल्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी फोन करावा, आणि उपदेश कमी करून त्याचे ऐकावे. ज्या घरी तेव्हा जाता आले नाही, तिथे आता जावे. जो दूर होता त्याने नंतर येऊन सांत्वन करायला शरियतची मनाई नाही.

दुःख हा आजार नाही. पण दोन आठवडे उलटूनही झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, मुसल्ल्यावर उभे राहण्याचेही बळ नाही, अशी अवस्था असेल तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. जवळच्या शासकीय रुग्णालयात विचारावे. पुण्यात ससून आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार महासाथीच्या पहिल्याच वर्षी जगभरात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. त्यातली कितीतरी माणसे आपल्याच घरात, आपल्याच दस्तरखानावर बसलेली असतील.

ते दुकानदार आता दर शुक्रवारी कब्रस्तानात जातात. घरी आले की नातवंडांना अम्मींच्या गोष्टी सांगतात. कधी डोळे भरतात, ते पुसतात आणि पुढची गोष्ट सांगतात.

अल्लाह तआला त्या काळात गेलेल्या सर्वांना मगफिरत देवो, आणि मागे राहिलेल्यांना दुःख सांगण्याचे व दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे बळ देवो. आमीन.