शीतावस्थेतील हृदय : संरक्षण व त्याच्या मर्यादा

दात्याच्या शरीरातून काढलेल्या हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्यापासून तो दुसऱ्या शरीरात पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ ४ तासांच्या आत राखावा, असा शल्यचिकित्सकांचा सर्वसामान्य दंडक आहे. नागपुरातील रामदासपेठेतल्या एखाद्या रुग्णालयातून हृदय मुंबईस न्यावयाचे, तर सोनेगावच्या विमानतळापर्यंतचा मार्ग, सुमारे ७०० किलोमीटरचा हवाई प्रवास, मुंबईतील रस्ता आणि हृदय जोडण्याची शस्त्रक्रिया हे सारे याच मुदतीत बसवावे लागते. म्हणून शीतपेटीत हृदयाचे नेमके काय होते, हा प्रश्न विदर्भातील दाता व दूरचा रुग्ण या दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम पोटॅशियमयुक्त थंड द्राव हृद्‌रोहिण्यांत सोडून हृदयाचे स्पंदन थांबवितात. केवळ एवढ्यानेच त्याची प्राणवायूची गरज सुमारे एकदशांशावर येते. पुढे तपमान दर १० अंशांनी उतरले की चयापचयाचा वेग अजमासे निम्मा होतो. म्हणजे ३७ अंशांवरून ४ अंश सेंटिग्रेडपर्यंत येता तो पुन्हा सुमारे एकदशांश उरतो. तथापि, मंद होणे म्हणजे थांबणे नव्हे. पेशींतील ऊर्जेचा साठा हळूहळू सरत जातो व लॅक्टिक आम्ल साचते.

शैत्य स्वतःही निरुपद्रवी नाही. सोडियम बाहेर टाकणारी पेशीपटलावरील यंत्रणा थंडीने मंदावते. सोडियम व त्यामागोमाग पाणी आत शिरून पेशी फुगतात. यास्तव पेशीपटलातून सहजी आत न जाणारे मॅनिटॉल अथवा रॅफिनोज यांसारखे पदार्थ काही संरक्षक द्रावांत मिसळतात. शिवाय बर्फाचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यास ऊतकास इजा पोहोचते. म्हणून हृदय द्रावाने भरलेल्या एकाआड एक पिशव्यांत ठेवून मगच बर्फात ठेवितात.

या पद्धतीचा पाया अमेरिकेत लोअर व शमवे यांनी घातला. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या श्वानांवरील प्रयोगांत हृदय ४ अंशांच्या लवणजलात ठेविले होते. भारतात पहिले हृदयारोपण डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात केले, रुग्ण काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूस आपल्याकडे विधिमान्यता मिळाली ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने. स्पंदन चालू असतानाच हृदय काढणे तेव्हापासून कायदेशीर झाले आणि त्याबरोबरच गावोगावच्या अंतराचा प्रश्नही पुढे आला.

अलीकडे दोन दिशांनी प्रयत्न चालू आहेत. एकीत, बर्फाऐवजी ४ ते ८ अंशांचे स्थिर तपमान राखणाऱ्या पेट्या वापरतात. दुसरीत, यंत्राच्या साहाय्याने हृदयातून प्राणवायुयुक्त द्राव सतत खेळवितात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील एका चाचणीत सुमारे ८ अंशांवर असे अभिसरण चालू ठेवून ६ तासांहून अधिक काळ जतन केलेली हृदयेही यशस्वीपणे रोपण करता आली.

ही यंत्रे खर्चिक असल्याने सर्वत्र उपलब्ध नाहीत. साधी शीतपेटी वापरावयाची, तर द्रावाची निवड, बर्फापासून अंतर व मोकळा रस्ता या तिहींना सारखेच महत्त्व द्यावयास हवे. शैत्य हृदयास बरे करीत नाही. ते केवळ अवधी देते, आणि तो अवधी मोजका असतो.